चौकीला कुलूप, कागदावर माणसं : आपल्या बीटवर खरंच किती पोलीस उरलेत?

सुजाता_पूर्व
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं होतं, आज बसलेच. आमच्याकडे मार्केटच्या नाक्यावर पोलीस चौकी आहे. उपनगराचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथल्या कुणा एका माणसाविरुद्ध माझी तक्रार नाहीये. पूर्वी त्या चौकीत बीट हवालदार (बीट म्हणजे ठाण्याच्या हद्दीतला ठरावीक पोलिसांकडे सोपवलेला भाग) बसायचे आणि संध्याकाळी गल्लीतून एक चक्कर मारायचे. कोणत्या बिल्डिंगमध्ये नवीन भाडेकरू आलेत, कुठल्या घरात नवरा दारू पिऊन हात उचलतो, कॉलेजच्या मागे कोण पोरं उभी राहतात, त्यांना सगळं माहीत असायचं आणि आम्हालाही ते नावाने माहीत असायचे. आता बहुतेक वेळा कुलूप, आणि खिडकीवर ठाण्याचा नंबर चिकटवलेला.

गेल्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या आजींची साखळी ओढली. ठाण्यात गेलो तर ठाणे अंमलदार, म्हणजे तक्रारी घेणारे ड्यूटीवरचे पोलीस, एकटेच, समोर रांग, वायरलेस चालू, बाजूला कॉम्प्युटरवर एक मुलगी एफआयआर टाइप करतेय. आमच्या बीटचे कोण आहेत विचारलं तर म्हणाले ते बंदोबस्ताला गेलेत, त्यांच्या जागी जे आहेत ते कोर्टात. बोलायला चांगले होते पण चेहऱ्यावर झोप दिसत होती, चौदा तास झाले म्हणाले.

घरी येऊन वाचायला बसले. केंद्र सरकारची पोलीस संशोधन संस्था आहे ना, बीपीआरडी, त्यांच्या आकड्यांप्रमाणे १ जानेवारी २०२० ला देशात लाख लोकांमागे मंजूर पोलीस १९५.३९ आणि प्रत्यक्षात १५५.७८. म्हणजे पाचातली एक जागा रिकामी. पण मला वाटतं आपण त्या एका आकड्यावरच भांडत बसतो आणि खरा प्रश्न राहूनच जातो. भरती झाली, इतकी हजार पदं भरली, अशा बातम्या येतात, त्यातले आमच्या गल्लीत किती येतात? मंगळवारी संध्याकाळी सात वाजता माझ्या बीटवर कोण आहे हे मला कुणी सांगू शकतं का? तुमच्याकडे काय परिस्थिती आहे लिहा. पोलिसांच्या घरातली मंडळी असतील तर त्यांनी तर नक्कीच लिहा.

आकडेमोड
चांगला धागा. एक भर घालतो. तो लाखामागे १५५ चा आकडासुद्धा वस्तीतल्या पोलिसांचा नाहीच. त्यात राज्य राखीव दलासारखी सशस्त्र दलं येतात, मुख्यालय, ट्रॅफिक, क्राइम ब्रँच, व्हीआयपी सुरक्षा, ट्रेनिंग सेंटरवाले, सगळे आले. ठाण्याला येतात त्यातले काही, आणि ठाण्यातून बीटवर त्यातले काही.

आणि एक गणित कुणी सांगत नाही. समजा चौकीवर चोवीस तास फक्त एक माणूस हवाय. आठ तासांच्या पाळ्या धरल्या तर आठवड्याला २१ ड्यूट्या. एक माणूस साप्ताहिक सुट्टी घेऊन सहा करतो, म्हणजे साडेतीन माणसं लागतात, त्यात रजा, आजारपण, कोर्टाच्या तारखा धरल्या की चार. दोघांची जोडी हवी असेल तर आठ. एका ठाण्याचे चार-पाच बीट धरा आणि गुणा. म्हणून बारा तासांची ड्यूटी सुटत नाही, कारण बारा तासात आठवड्याला १४ च ड्यूट्या होतात आणि अडीच माणसात भागतं. कमी पडलेली माणसं अशी पोलिसाच्या झोपेतून काढली जातात.

निवृत्त_हवालदार
ताई तुम्ही लिहिलंत ते वाचून बरं वाटलं, कुणीतरी माणसाकडे बघून लिहिलंय. मी मुंबईत तीस वर्षांच्या वर नोकरी केली, त्यातली बरीच बीटवर. ठाण्याची माणसं कुठे जातात ते सांगतो म्हणजे बाहेरच्यांना कळेल.

सकाळी हजेरी होते. कागदावर जेवढी नावं असतात त्यातले काही आधीच दुसरीकडे संलग्न असतात, म्हणजे पगार आमच्या ठाण्याचा पण काम कुठल्यातरी साहेबांच्या ऑफिसात नाहीतर शाखेत. मग रजा, आजारी, ट्रेनिंग. उरलेल्यातून ठाणे अंमलदार आणि त्याचा मदतनीस, वायरलेसवाला, लॉकअपचा गार्ड, मुद्देमाल कारकून, सीसीटीएनएसवर, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीच्या कॉम्प्युटरवर बसणारा, समन्स-वॉरंट बजावणारे, कोर्टातल्या केसेसचा पाठपुरावा करणारे पैरवीवाले, आरोपीला मेडिकलला आणि कोर्टात नेणारी पार्टी, पासपोर्ट व्हेरिफिकेशन, गुप्त माहिती काढणारा गोपनीयवाला, गुन्हे शोधणारं डीबी पथक. मोबाइल गाडीवर दोघे-तिघे. हे सगळं झालं की जे राहतात ते बीटवर, आणि त्याच दिवशी मोर्चा नाहीतर कुणा मंत्र्याचा दौरा निघाला की फोन येतो, इतकी माणसं पाठवा. कुठली पाठवणार? लॉकअपचा गार्ड काढता येत नाही, ठाणे अंमलदार काढता येत नाही. बीटवाला काढता येतो, कारण तो नसल्याचं त्या दिवशी कुणाला कळत नाही. गणपती ते दिवाळी आणि मग निवडणूक असली तर आमचा बीटवाला महिना महिना बीटवर नसायचा.

आम्ही भरती झालो तेव्हा पण माणसं कमीच होती, खोटं सांगणार नाही. पण तेव्हा एक माणूस एका बीटवर दोन-तीन वर्षं टिकायचा. पानवाला, इस्त्रीवाला, शाळेचा शिपाई, वॉचमन, हे सगळे आपले डोळे असायचे आणि ते डोळे तयार व्हायला वर्ष जातं. आता पोरगं येतं, नकाशा कळायच्या आत दुसरीकडे जातं.

टेक_सॅव्ही_पुणे
थोडं वेगळं मत मांडतो. चौकीत माणूस बसवून ठेवणं हे जुन्या काळाचं झालं असं मला वाटतं. २०२१ पासून राज्यात ११२ आहे, फोन केला की जवळची गाडी किंवा बीट मार्शल, म्हणजे मोटारसायकलवरचे गस्तीचे पोलीस, येतात, गाडीला जीपीएस असतो, किती मिनिटात पोचले त्याची नोंद होते. मुंबईत २०१६ पासून हजारो कॅमेरे लागलेत, पुण्यातही आहेत. माणसं कमीच असणार आहेत हे मान्य केलं तर ती गाड्यांवर ठेवणं जास्त बरोबर नाही का? आमच्याकडे मध्यरात्री वरच्या फ्लॅटमध्ये भांडण झालं, ११२ ला फोन केला, मार्शल पटकन आले आणि प्रकरण शांत झालं. चौकीतल्या हवालदाराला शोधत बसलो असतो तर?

मनीषा_ठाकुर्ली
टेक_सॅव्ही, तुमचं ११२ चं बरोबर आहे, माझाही अनुभव चांगला आहे. पण ते मार्शल दुसऱ्या दिवशी त्या घरी गेले का हो? त्या बाईला विचारलं का कशी आहेस? नाही जाणार, कारण त्यांना पुढचा कॉल आलेला असतो. मी महिला मंडळाचं काम करते, आमच्याकडे येणाऱ्या बायका सांगतात की पोलीस येतात, नवऱ्याला दम देतात, जातात, आणि मग दार लागलं की जास्त मार बसतो. पूर्वी बीटवाले काका पुन्हा दोन दिवसांनी सहज म्हणून यायचे, चहा घ्यायचे, नवऱ्याला कळायचं की यांची नजर आहे. त्या पुन्हा येण्याची कुठल्याही ॲपवर नोंद नाही म्हणून ते पहिलं बंद झालं असं मला वाटतं. कॅमेऱ्यात साखळी ओढणारा दिसतो, घरात काय चाललंय ते दिसत नाही.

टेक_सॅव्ही_पुणे
हा मुद्दा पटला. मी फक्त कॉल आल्यावरचा विचार करत होतो.

शिपाईण_घरची
मी पहिल्यांदाच लिहितेय, वाचत असते नेहमी. माझे मिस्टर पोलिसात आहेत, कुठे ते नाही लिहीत. लोकं म्हणतात पोलीस उद्धट बोलतात, बोलतही असतील, पण मी घरी काय बघते ते सांगते. मुलीच्या गॅदरिंगला आजपर्यंत आले नाहीत. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते, आदल्या रात्री मेसेज येतो सुट्टी रद्द. बीपीची गोळी चाळिशीच्या आत सुरू झाली.

२०१६ मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला, त्याची मांडणी एका साध्या पोलीस शिपायाने करून दिली होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ती मनावर घेतली. आम्ही सगळ्या बायकांनी त्या बातमीचे फोटो एकमेकींना पाठवले होते. नंतर दुसऱ्या ठाण्यांतही सुरू झालं, मग कोविड आला आणि विस्कटलं. कोविडमध्ये तर पंचावन्नच्या वरच्यांना घरी थांबायला सांगितलं, ते बरोबरच होतं कारण पोलिसांचे जीव जात होते, पण त्यांचं काम बाकीच्यांवर आलं. २०२२ च्या सुरुवातीला महिला कर्मचाऱ्यांना राज्यभर आठ तासांचा आदेश निघाला. माझी जाऊ पोलिसात आहे, ती म्हणते जिथे साहेब मनावर घेतात तिथे मिळतं आणि जिथे माणसंच नाहीत तिथे साहेब तरी काय करणार.

सुजाता_पूर्व
शिपाईण_घरची ताई, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा. दमलेल्या माणसाकडून मी माझ्या वस्तीची ओळख ठेवण्याची अपेक्षा करतेय हे तुमचं वाचताना फार जाणवलं, आणि म्हणूनच ही माणसं वाढली पाहिजेत असं आणखी वाटतं.

सातारा_रोड
गावाकडचं सांगतो जरा. आमच्याकडं पोलीस ठाण्याखाली कितीतरी गावं येत्यात, आणि औट पोस्टला एक हवालदार, एक शिपाई, तेबी कधी कधी. त्यामुळं खरा भार पोलीस पाटलावर. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याखाली त्याची नेमणूक असते, गावात बेवारस मयत सापडलं, भावकीत बांधावरनं डोकी फुटली, कोण परगावचा येऊन राहिला, पहिला फोन पाटलाचा. मानधन कितीतरी वर्षं तुटपुंजं होतं, २०२४ ला साडेसहा हजाराचं पंधरा हजार केलं. पण कितीतरी गावात जागा रिकामी हाय, मग शेजारच्या गावच्या पाटलाकडं चार्ज.

२००७ ला आबांनी, म्हणजे आर. आर. पाटलांनी, तंटामुक्त गाव मोहीम काढली तवा आमच्या गावात समितीपुढं बऱ्याच केसेस मिटल्या, मी सोता बसलेलो. पण त्या बैठकीला बीट हवालदार यायचा म्हणून त्याला वजन होतं. हवालदार यायचा बंद झाला तशी समितीबी बसायची बंद झाली.

भिवंडीकर_जुना
यावर लिहायलाच हवं. भिवंडी १९८४ च्या दंगलीत जळाली होती, आमच्या पिढीने ते बघितलंय. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्ही समाजांची साधी माणसं, यंत्रमागवाले, दुकानदार, आणि मुख्य म्हणजे समितीची जबाबदारी खालच्या पोलिसावर. नुसत्या पुढाऱ्यांची शांतता कमिटी नव्हती ती, जी दंगल झाल्यावर फोटो काढायला जमते. हवालदाराने महिन्याला मोहल्ल्यात बसायचं, गटाराचा नाहीतर नळाचा वाद असला तरी ऐकून घ्यायचा. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलीत मुंबईत ९०० माणसं गेली आणि शेजारची भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी या पोलीस अधिकाऱ्यांनी आणि इतरांनी मोहल्ला कमिटीची चळवळ उभी केली.

मला यातून एवढंच म्हणायचंय की भिवंडीत काही चमत्कार करून चौपट पोलीस आणले नव्हते. होते त्यांनाच वस्तीत बसायला वेळ काढून दिला. म्हणून सुजाताताईंचा प्रश्न बरोबर आहे, किती पोलीस यापेक्षा त्यातले किती तास वस्तीला मिळाले ते विचारा.

निवृत्त_हवालदार
भिवंडीकर, सहमत. फक्त एक जोडतो, वेळ काढून द्यायला वरून पाठबळ लागतं. वरच्या साहेबाने जर सांगितलं की बीटवाल्याला हात लावायचा नाही, तर ठाण्याचा सिनियर पीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख, दुसरीकडून माणूस काढतो. साहेब बदलला की आठवड्यात जुनं सुरू.

लेस्टरवासी
इंग्लंडमधून लिहितोय. तुमची चर्चा वाचून आश्चर्य वाटलं कारण इथे अगदी हाच वाद चालू आहे. इथे २००२ च्या कायद्याने पीसीएसओ आले, म्हणजे गणवेशातले पण पूर्ण अधिकार नसलेले वस्तीतले कर्मचारी. त्यांचं काम चालत फिरणं, ओळखी ठेवणं. लंडनमध्ये तर प्रत्येक वॉर्डाला एक सार्जंट, दोन कॉन्स्टेबल आणि तीन पीसीएसओ अशी टीम ठरवली होती. मी आलो तेव्हा आमच्या रस्त्यावरची पीसीएसओ बाई माझ्या आईला 'नमस्ते' म्हणायची, गुजराती-मराठी घरं कुठली ते तिला माहीत होतं, दिवाळीत सोन्याच्या चोऱ्या वाढतात म्हणून घरोघरी पत्रकं वाटायची.

२०१० नंतर सरकारने खर्च कापला. २०१० ला इंग्लंड-वेल्समध्ये पोलीस १,४३,००० च्या वर होते, सात-आठ वर्षांत वीस हजारांहून जास्त कमी झाले. मग २०१९ ला वीस हजार भरायचं जाहीर केलं आणि मार्च २०२३ पर्यंत भरलेही, एकूण संख्या पूर्वीपेक्षा जास्त झाली. आता सगळं ठीक व्हायला हवं ना? पण पीसीएसओ २०१० ला जवळपास १७,००० होते ते निम्म्याहून कमी राहिलेत, त्यांच्या जागा परत भरल्याच नाहीत. गेलेले पोलीस अनुभवी होते, आलेले नवे आहेत, आणि वस्तीच्या टीममधून रोज माणसं काढून इमर्जन्सी कॉलला नाहीतर लंडनच्या मोर्चांना नेतात. २०२३ च्या केसी अहवालात लंडनच्या पोलिसांबद्दल हेच लिहिलंय की वस्तीतलं काम पोखरलं गेलं. २०२४ ला आलेल्या लेबर सरकारने १३,००० जास्त माणसं वस्तीला द्यायचं वचन दिलंय, त्यातही काही नुसते एका शाखेतून दुसरीकडे हलवलेले आहेत. एकूण आकडा वाढून वस्ती रिकामी राहू शकते हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून हे लिहिलं. आईला ती पीसीएसओ अजून आठवते.

आकडेमोड
लेस्टरवासी, फार उपयोगी माहिती. आपल्याकडेही तसंच होतंय. २०२२-२३ ची भरती १८,३३१ पदांची, नंतर २०२४ ची १७,४७१ पदांची, अर्ज दोन्ही वेळा सतरा-अठरा लाखांच्या घरात. पदं भरताहेत ही चांगलीच गोष्ट आहे, पोरं पहाटे चारला उठून मैदानावर पळतात ती बघितलीयत मी. पण जाहिरात, मैदानी, लेखी, कोर्टकचेरी, मग नऊ महिने ट्रेनिंग, आणि मरोळ, खंडाळा, नानवीज, जालना, अकोला, तुरची वगैरे सेंटरांची एका वेळची क्षमता ठरलेली. तोवर इकडे दर महिन्याला लोक रिटायर होतच असतात. २०२३ ला मुंबईत तर ही फट भरायला महाराष्ट्र सुरक्षा दलाचे ३,००० जवान कंत्राटी घ्यायचं ठरलं. गार्ड ड्यूटीला ते चालतील, पण ज्याची नेमणूकच ११ महिन्यांची आहे तो वस्ती कधी ओळखणार?

दुसरं म्हणजे ठाणी वाढतात. पिंपरी-चिंचवड आयुक्तालय २०१८ ला, मीरा-भाईंदर वसई-विरार २०२० ला, पुण्यात २०२४ ला बाणेर, खराडी, वाघोली, फुरसुंगी, काळेपडळ, नांदेड सिटी, आंबेगाव अशी सात नवी ठाणी. गरज होतीच, कारण वाघोली-खराडी कुठल्याकुठे वाढलंय. पण नवं ठाणं म्हटलं की नवा ठाणे अंमलदार, नवा लॉकअप गार्ड, नवा मुद्देमालवाला. आधी जुन्या ठाण्यांतूनच माणसं उचलतात. अंतर कमी होतं पण रस्त्यावरचा माणूस लगेच वाढत नाही.

वकील_नागपूर
एक कायद्याचा मुद्दा. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग करायचं, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्यांना घटनास्थळी आणायचं. तत्त्व म्हणून मी याच्या बाजूने आहे, खोट्या पंचनाम्यांना आळा बसेल. पण प्रत्येक गुन्ह्यामागचे तास वाढले आणि ते तास त्याच माणसांतून निघतात. प्रकाश सिंह खटल्यात २००६ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामं वेगळी करा, मोठ्या शहरांपासून सुरुवात करा. ते झालं असतं तर तपासवाल्याला बंदोबस्ताला ओढलं नसतं आणि बीटवाल्याला तपासाला. वर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम २८ प्रमाणे पोलीस नेहमी कर्तव्यावरच समजला जातो, त्यामुळे जादा तास मोजायची सवयच यंत्रणेला नाही.

मनीषा_ठाकुर्ली
मग आपण काय करू शकतो ते बोलूया का? मोहल्ला बैठकीची मागणी तरी करता येईल. आमच्या ठाण्यात नवीन मॅडम आल्यात, त्यांनी दक्षता समितीची, म्हणजे पोलीस आणि वस्तीतल्या लोकांच्या समितीची, मीटिंग परत सुरू केली, पहिल्याच मीटिंगला बीट अंमलदाराला उभं करून आमच्याशी ओळख करून दिली आणि त्याचा नंबर दिला. एवढ्यानेही फरक पडलाय, बायका थेट फोन करतात.

सुजाता_पूर्व
मी माहिती अधिकारात अर्ज टाकायचं ठरवलंय. वकीलसाहेब, प्रश्न असे विचारू का? आमच्या ठाण्याची मंजूर संख्या, हजर संख्या, बीट किती आणि प्रत्येक बीटला किती अंमलदार, गेल्या वर्षात ते किती दिवस बंदोबस्ताला गेले.

वकील_नागपूर
बरोबर आहे, फक्त नावं मागू नका, नुसते आकडे मागा, नाहीतर वैयक्तिक माहिती किंवा सुरक्षेचं कारण दाखवून नाकारतील. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ३० दिवसात उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. आणि वर्षभराचं मागू नका, माहिती संकलित स्वरूपात नाही म्हणतील.

निवृत्त_हवालदार
वकीलसाहेब म्हणतात ते खरं आहे, वर्षाचं मिळणार नाही. ताई, एक महिना घ्या, गणपतीचा नको, साधा महिना घ्या. जून चांगला. ड्यूटी वाटपाचं रजिस्टर रोजचं असतं, त्यात कोण बीटला आणि कोण बंदोबस्ताला ते लिहिलेलं असतं, आणि बाहेर पडल्याची नोंद स्टेशन डायरीत असते. त्या रजिस्टरवरून जूनच्या प्रत्येक दिवशी बीटला किती अंमलदार होते एवढा एकच आकडा मागा. आणि दुसऱ्या ठिकाणी संलग्न किती ते वेगळं विचारा, कारण हजर संख्येत ते मिसळलेले येतात आणि तिथेच फसगत होते. अर्ज देताना आधी सिनियर साहेबांना भेटून सांगा कशासाठी मागताय ते, चांगला माणूस असेल तर त्यालाही हा आकडा वर दाखवायला हवाच असतो.

सुजाता_पूर्व
खूप आभार काका. सोमवारी सोसायटीतल्या दोघींना घेऊन सिनियर साहेबांना भेटते, आणि मग अर्ज टाकते, जूनचाच. उत्तर आलं की आकडे इथेच टाकीन. बाकीच्यांनीही आपापल्या ठाण्याला टाकले तर एका धाग्यात लावून बघता येईल, शिपाईण_घरची ताईंनी मात्र टाकू नये, मिस्टरांना त्रास नको.